जन्मतः अपुरा हात, विच्छेदन आणि कृत्रिम हात: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कृत्रिम हात कधी बसवता येईल, हा प्रश्न बहुतेक कुटुंबं सर्वांत आधी विचारतात. मग बाळ पंजाशिवाय जन्मलेलं असो किंवा अपघातानंतर मोठ्या माणसाचा हात कोपराखाली काढावा लागलेला असो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. जखम कशी भरली, सांधे किती मोकळे आहेत, दुखणं आटोक्यात आहे का आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला त्या हाताने नेमकं काय करायचं आहे? हे शेवटचं ठरवल्याशिवाय बनवून घेतलेले हात पुष्कळदा कपाटात पडून राहतात. त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा एक आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोरी-पट्ट्यावर चालणारा हात वापरायचं सोडून देणाऱ्यांचं सरासरी प्रमाण मुलांमध्ये ४५ टक्के आणि मोठ्यांमध्ये २६ टक्के निघालं. विजेवर चालणाऱ्या हाताचं हेच प्रमाण ३५ आणि २३ टक्के होतं. म्हणून आधी कामं ठरवा आणि उपकरणाचा विचार नंतर करा, असं मी आग्रहाने सांगेन.

बाळाचा हात जन्मतः वेगळा असेल तर

पहिलं काम मनातला अपराधीपणा दूर करण्याचं. गर्भात हाताचा कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटांसकट हात आकाराला येतो. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. एकाच बाजूचा, कोपराखाली थांबलेला हात हा प्रकार बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. पुढच्या बाळात तो पुन्हा दिसण्याची शक्यताही फार कमी असते. काही बाळांमध्ये गर्भपिशवीच्या पडद्याचे धागे बोटांभोवती किंवा हाताभोवती आवळले जातात आणि त्यापुढचा भाग वाढत नाही. औषधामुळे हात खुंटल्याचं सर्वांत ठळक उदाहरण थॅलिडोमाइडचं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांना त्याची झळ बसली होती. पण अशी कारणं मोजकीच आहेत. आईने काय खाल्लं, ती कुठे पडली, तिने ग्रहण पाहिलं का, यांचा या हाताशी काही संबंध नाही. आणि हे आईला एकटीला न सांगता घरातल्या सगळ्यांसमोर डॉक्टरांनी सांगावं, म्हणजे घरातली कुजबुज थांबते.

दुसरं काम नेमकं निदान. ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. हात एका पातळीपर्यंत नीट वाढून तिथे थांबला असेल तर ती आडवी उणीव. हाताच्या लांबीत एका बाजूचं हाड कमी किंवा आखूड असेल तर ती उभी उणीव. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अंगठ्याच्या बाजूचं हाड कमी असेल, मनगट त्या बाजूला वळलेलं असेल किंवा अंगठा लहान असेल किंवा नसेलच, तर फक्त हात तपासून भागत नाही. हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मणक्याचा एक्सरे आणि रक्तपेशींची मोजणी करून घ्या. अशा बाळांपैकी काहींना फॅन्कोनी अॅनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असतो. त्यात जन्माच्या वेळी रक्त अगदी ठीक दिसतं आणि अस्थिमज्जा काही वर्षांनी थकते. म्हणून साधी रक्त तपासणी चांगली आली तरी त्यासाठीची वेगळी गुणसूत्र-चाचणी करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अंगठा आहे पण त्याच्या बाजूचं हाड नाही, अशा बाळात प्लेटलेट कमी असू शकतात. हात लहान आणि त्याच बाजूची छाती चपटी दिसत असेल, तर छातीचा स्नायू तपासायला सांगा.

नवजात बाळाच्या हातावर किंवा बोटावर आवळलेला पट्टा दिसत असेल आणि त्यापुढचा भाग सुजला किंवा निळा पडला असेल, तर थांबू नका. ही त्याच दिवशी दाखवायची गोष्ट आहे.

पहिल्या काही महिन्यांत करण्यासारखं बरंच असतं आणि ते सगळं घरात होतं. आखूड हात लांब बाहीत झाकू नका. त्या टोकाच्या त्वचेला स्पर्श चांगला कळतो आणि बाळ त्याच टोकाने जग चाचपतं. बाळ जागं असताना पालथं ठेवलं तर आखूड बाजूखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला की दोन्ही बाजूंवर सारखा भार पडतो. मोठी, हलकी खेळणी छातीसमोर धरा, म्हणजे दोन्ही हात मधोमध येतील. मनगट वळलेलं असेल तर थेरपिस्टने दाखवलेले ताण दर वेळी लंगोट बदलताना द्या. वेगळी वेळ काढायची म्हटलं तर ते राहून जातं. रात्री स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारी आधारपट्टी, लागू शकतो.

शस्त्रक्रियेला प्रत्येक हातात जागा नसते. जिथे असते तिथे वेळ ठरलेली असते. जोडलेली बोटं कमी-जास्त लांबीची असतील, जसं अंगठा आणि तर्जनी किंवा अनामिका आणि करंगळी, तर वाढीबरोबर मोठं बोट वाकडं होतं. म्हणून ती सहा महिन्यांच्या आसपास सोडवतात. मधलं बोट आणि अनामिका जोडलेली असतील तर साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबता येतं. अंगठा नसेल तर तर्जनी फिरवून अंगठ्याच्या जागी आणतात. हे पुष्कळदा एक ते तीन वर्षांच्या वयात होतं. चार बोटांचा हात मग पकडू लागतो. पालकांना एक बोट कमी दिसतं, पण मुलाला चिमूट मिळते आणि ती फार मोलाची आहे.

आता कृत्रिम हात. प्रचलित पद्धतीत बाळ बसू लागलं की, म्हणजे सहा महिन्यांच्या सुमारास, हलका आणि हालचाल न करणारा हात देतात. उघडझाप करणारा हात दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो. पण २००६ साली कोपराखाली हात नसलेल्या ४८९ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कृत्रिम हात लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या मुलांच्या रोजच्या कामात आणि जीवनमानात कृत्रिम हाताच्या बाजूने झुकणारा म्हणावा असा फरक दिसला नाही. याचा अर्थ हात देऊ नये असा नाही. न लावणारं मूल मागे पडत नाही, एवढं मात्र पक्कं. म्हणून लहानपणी ओळख करून द्या, मुलाने काढून टाकला तर भांडू नका आणि सात-आठ वर्षांच्या वयात पुन्हा विचारा. त्या वयात मूल स्वतः सांगतं: सायकलचं हँडल धरायचं आहे, दोरीवर उड्या मारायच्या आहेत, वाद्य वाजवायचं आहे. त्या एका कामापुरतं बनवलेलं जोडसाधन बहुधा दिवसभर लावायच्या हातापेक्षा जास्त वापरलं जातं.

दोन्ही हात नसलेलं मूल पायाने खाऊ लागलं, लिहू लागलं, तर त्याला कधीही अडवू नका. पाय उघडे राहतील अशी सोय करा, खुबे आणि पाठ लवचिक ठेवा.

शाळेत जाण्याआधी मुलाला एका वाक्याचं उत्तर तयार करून द्या: ‘मी असाच जन्मलो, दुखत नाही.’ घरी चार-पाच वेळा म्हणून घेतलं की ते तोंडात बसतं. शिक्षकांनी आधी वर्गात भाषण द्यावं की नाही, हे मुलाला विचारूनच ठरवा.

हात कापावा लागला तर: पहिले काही आठवडे

अपघातात हात किंवा बोट तुटलं तर जखमेवर थेट, घट्ट दाब द्या. रक्त थांबतच नसेल आणि जीव धोक्यात असेल तर जखमेच्या वर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा रुंद पट्टा, आवळा आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, तोंड बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट मांसाला लागता कामा नये. बोट थंड ठेवलं तर बराच वेळ टिकतं, पण स्नायू असलेला भाग, म्हणजे मनगटाच्या वरचा, गरम राहिला तर साधारण सहा तासांतच जोडण्यापलीकडे जातो.

विच्छेदन, म्हणजे हात कापणं, ठरवून होत असेल तर सर्जनशी पातळीबद्दल बोला. कोपर वाचवता येत असेल तर तो वाचवण्यासाठी बरंच काही सोसण्याजोगं आहे, कारण कृत्रिम कोपर चालवणं हे कृत्रिम पंजा चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड. कोपराखालच्या हाताची लांबी जितकी राहील तितकी हात उलटा-सुलटा फिरवण्याची क्षमता टिकते. लहान मुलांत मात्र आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. हाड मधून कापलं तर ते वाढत राहून टोकाची त्वचा टोचू लागतं, दंडाच्या हाडात हे जास्त होतं. सांध्यातून विच्छेदन केलं तर हा त्रास टळतो. म्हणून मुलांसाठी शक्य तिथे सांध्याची पातळी निवडतात.

सूज उतरवण्यासाठी क्रेप बँडेज बांधतात. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा. टाके आणि जखम पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करा. पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी फिरवत न्या, सरळ गोल वेढे कधीही देऊ नका. गोल वेढा रक्तप्रवाह आवळतो. ताण टोकाला जास्त आणि वर जाताना कमी ठेवा. कोपराखालचा हात असेल तर पट्टी कोपराच्या वर न्या, नाहीतर ती घसरते आणि कोपराखालीच आवळते. दर चार ते सहा तासांनी सोडून पुन्हा बांधा. टोक निळसर, गार किंवा ठणकणारं झालं तर लगेच सोडा. एका हाताने स्वतः बांधणं शिकण्यासारखं आहे. पट्टीचं टोक हनुवटीखाली किंवा मांडीखाली दाबून धरलं की जमतं. जखम भरल्यावर पट्टीऐवजी घट्ट, लवचिक मोजा वापरता येतो आणि तो रोज सारखा बसतो.

सांधे आखडू देऊ नका. दुखत असलं की माणूस हात छातीजवळ ओढून, कोपर दुमडून झोपतो. तीच सवय दोन-तीन आठवड्यांत कायमची होते. दर तासाला कोपर पूर्ण सरळ करा आणि खांदा वर, मागे, बाजूला फिरवा. कोपराखालचा हात उलटा-सुलटा फिरवता येत असेल तर तेही करा. पाय गेलेल्या माणसासाठी नियम तसाच आहे. गुडघ्याखाली उशी नको, आणि दिवसातून दोनदा वीसेक मिनिटं पालथं झोपणं हवं, म्हणजे खुबा दुमडून राहत नाही.

जखम पूर्ण भरली की उरलेल्या टोकाला स्पर्शाची सवय लावा. कापसाने सुरुवात करा, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग खरखरीत काहीतरी. बोटांनी हलके टकटक करा. व्रणावर बोट ठेवून खालचा भाग गोल फिरवा, त्वचा हाडाला चिकटून बसता कामा नये. एका ठरावीक बिंदूवर टकटक केल्यावर विजेसारखी कळ येत असेल तर ती मज्जातंतूच्या गाठीची खूण असू शकते. डॉक्टरांना तो बिंदू पेनने खूण करून दाखवा.

गेलेला हात दुखतो तेव्हा

हात नसताना बोटं आवळल्यासारखी, जळत असल्यासारखी दुखणं हे खरं दुखणं आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक अँब्रोज पारे यांनी ते नोंदवलं होतं. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिशेल यांनी त्याला पुढे नाव दिलं. ‘वेड लागलंय असं समजतील’ म्हणून पुष्कळ जण हे सांगतच नाहीत. घरच्यांनी आपणहून विचारा: हात कुठे आहे असं वाटतं, मूठ उघडी की मिटलेली?

आरशाची पद्धत घरी करता येते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात ती पुढे आणली. टेबलावर छातीसमोर आरसा उभा ठेवा, उरलेला हात आरशामागे आणि चांगला हात आरशासमोर. आरशात पाहत चांगल्या हाताने सावकाश मूठ उघडा-मिटा, बोटं पसरा, मनगट फिरवा, आणि त्याच वेळी गेलेल्या हातानेही तेच करण्याचा प्रयत्न करा. रोज पंधरा ते वीस मिनिटं, किमान चार आठवडे. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, कारण दोन हात एकसारखे दिसायला हवेत. पहिल्या दिवसांत घाम फुटला, रडू आलं किंवा दुखणं वाढलं तर आरसा बाजूला ठेवून नुसती डोळे मिटून हालचालीची कल्पना करा आणि काही दिवसांनी परत आरशाकडे या. सगळ्यांना याचा गुण येतोच असं नाही. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधंही असतात. तोडलेले मज्जातंतू जवळच्या स्नायूला जोडण्याची शस्त्रक्रियाही आहे. ती मुळात विजेचा हात नीट चालवता यावा म्हणून पुढे आली, पण तिने दुखणंही कमी होतं असं दिसून आलं.

एका हाताने जगायला लगेच शिका

कृत्रिम हात येईपर्यंत वाट पाहत बसू नका. उजवा हात गेला असेल तर डाव्या हाताने लिहिणं पहिल्या आठवड्यातच सुरू करा. कागद चिकट चटईवर ठेवा, डाव्या हाताला सोयीचा असा तिरका करा, आधी मोठ्या रेघा आणि गोल काढा. कपडे घालताना आखूड बाजू आधी, काढताना ती शेवटी. बुटांना लवचिक नाड्या लावा. नखं घासायला भिंतीला किंवा बेसिनला चिकटणारा ब्रश उपयोगी पडतो. कापताना वस्तू घसरू नये म्हणून खिळे असलेला पाट चालतो. घरच्यांना इथे एक गोष्ट जड जाते, ती म्हणजे मदतीला न धावणं. बटण लावायला दहा मिनिटं लागली तरी थांबा, मागितल्यावरच हात पुढे करा.

कोणता हात घ्यायचा

मोठ्यांमध्ये वेळ महत्त्वाची आहे. १९८४ साली मांडलेलं आणि अजूनही मानलं जाणारं निरीक्षण असं, की विच्छेदनानंतर पहिल्या तीस दिवसांत पहिला तात्पुरता हात बसवला तर माणूस तो स्वीकारण्याची शक्यता बरीच वाढते. महिने गेले की एका हाताची सवय पक्की होते आणि कृत्रिम हात ओझं वाटतो. म्हणून प्रोस्थेटिस्टची, म्हणजे कृत्रिम हात बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाची, पहिली भेट टाके निघण्याआधीच ठरवा.

भेटीला जाताना कागदावर सहा-सात कामं लिहून न्या. ‘सगळं करता यावं’ असं लिहू नका. मोटारसायकलचा क्लच, पिशवी उचलणं, कीबोर्ड, शेतातलं काम, बाळाला कुशीत धरणं, समारंभात हात दिसायला ठीक असणं, असं ठोस लिहा. त्यावरून निवड ठरते.

नुसता दिसण्यासाठीचा हात हलका असतो, तो वस्तू दाबून धरतो, टेकू देतो. त्याला कमी समजू नये. दोरी-पट्ट्याचा हात खांदे पुढे नेल्यावर ताणल्या जाणाऱ्या तारेवर चालतो. तो दणकट असतो, धूळ-पाण्याला चालतो, दुरुस्तीला सोपा असतो आणि तारेचा ताण खांद्याला कळत असल्याने पकड किती आहे याचा अंदाज येतो. त्याच्या टोकाला लागणारा दुभंगलेला हूक दिसायला आवडत नाही, पण बारीक वस्तू उचलायला तो पंजापेक्षा सरस ठरतो. १९१२ साली पेटंट झालेली ही रचना अजून टिकून आहे. विजेवरचा हात त्वचेवरचे इलेक्ट्रोड स्नायूंचे संकेत वाचून चालवतात. त्यात पकड जोरदार मिळते, डोक्याच्या वरही तो उघडझाप करतो आणि खांद्याला पट्टे नसतात. मात्र तो रोज चार्ज करावा लागतो, आणि पाणी व धुळीपासून जपावा लागतो. त्याचा पंजा वजनाला नैसर्गिक पंजाच्या आसपास असला तरी जड वाटतो, कारण त्याचा भार हाडावर न येता त्वचेवर लटकतो.

पण या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं आहे सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो तो भाग. सॉकेट चुकलं तर जगातला उत्तम पंजाही वाया गेला. चाचणीच्या पारदर्शक सॉकेटमध्ये कोपर पूर्ण वाकवून, हात डोक्यावर नेऊन, थोडं वजन धरून पाहा. कुठे टोचतंय, कुठे सैल आहे ते तिथल्या तिथे सांगा. संकोच करू नका. दोन-तीन दुरुस्त्या होणं नेहमीचं आहे.

पहिला महिना कृत्रिम हात लावून

पहिल्या दिवशी पंधरा ते तीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. काढल्यावर त्वचा पाहा. लाली वीस मिनिटांत गेली तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवा. राहिली तर ती नाहीशी होईपर्यंत कृत्रिम हात लावू नका आणि प्रोस्थेटिस्टला दाखवा. फोड आला तर स्वतः सॉकेट घासून किंवा कापूस कोंबून सुधारू नका.

सराव तीन टप्प्यांत होतो. आधी नुसतं नियंत्रण: उघडणं, मिटणं, अर्ध्यावर थांबणं. विजेच्या हातासाठी गेलेला पंजा हलवतोय अशी कल्पना करा, संकेत स्पष्ट येतात. मग वस्तू पकडणं, आधी लाकडी ठोकळे, नंतर स्पंज, कागदी पेला, म्हणजे चिरडू नये इतका जोर ठेवता येतो. शेवटी खरी कामं, तुमच्याच यादीतली. इथे एक समज पक्का करा: कृत्रिम हात मदतनीस आहे. बाटली तो धरेल, झाकण चांगला हात उघडेल. सगळी कामं त्याच्याकडून करून घेऊ पाहणारा माणूस लवकर निराश होतो.

रात्री उरलेला हात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. सकाळी कृत्रिम हात लावण्याआधी क्रीम, तेल, स्पिरिट लावू नका. तिथले केस दाढीच्या ब्लेडने काढू नका, केसांच्या मुळाशी गळवं होतात. सॉकेटच्या आत घालायचे मोजे रोज धुवा, सॉकेट ओल्या फडक्याने पुसून रात्रभर उघडं ठेवा. दिवसा सैल वाटू लागलं तर मोजा बदला किंवा एक वाढवा. मोजे वाढवूनही सैल राहिलं तर सॉकेट बदलायची वेळ आली आहे. मुलांमध्ये ती लवकर येते. पाच वर्षांपर्यंत साधारण दर वर्षी, नंतर बारा वर्षांपर्यंत दर दीड-दोन वर्षांनी.

दुखऱ्या हाताच्या काळजीत चांगल्या हाताकडे दुर्लक्ष होतं. त्यावर दोन्ही हातांचा भार पडतो आणि काही वर्षांनी मनगटातल्या मज्जातंतूवर दाब येणं, कोपर-खांदा दुखणं सुरू होतं. बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर तपासणी पुढे ढकलू नका. जड वस्तू कुशीत आणि कृत्रिम हाताच्या आधारे उचला, दर तासाला खांदे मोकळे करा, आणि वर्षातून एकदा थेरपिस्टला दोन्ही हात दाखवा. त्या भेटीला कामांची यादी पुन्हा लिहून न्या, कारण नोकरी बदलली, घरात बाळ आलं, छंद बदलला की यादी बदलते आणि कधी कधी कृत्रिम हाताचं टोकही बदलावं लागतं.